मधली खुर्ची आणि सावत्र सेंटर

शिऱ्या, तुला जाऊन महिना होतोय न होतोय तोच तुझ्या स्पीकरांना गिऱ्हाईक आलं. अंधेरीचे कोणी गृहस्थ आहेत. तुझ्या लेकाने, ओंकारने, परदेशी परत जाताना विमानतळावर बसल्या बसल्या फोनवरून कुठेतरी जाहिरात टाकली, आणि हे गृहस्थ असे धावले की जणू इतकी वर्षं तू ते त्यांच्यासाठीच पुसून ठेवत होतास. वहिनींचा मला फोन आला. म्हणाल्या, "भावजी, रविवारी ते बघायला येणारेत. दोन्ही नीट चालतायत ना, तेवढं येऊन बघता का? मला त्याचं बटण कुठलं तेसुद्धा माहीत नाही."

मी हो म्हटलं. नाही म्हणायचं होतं, पण तुझ्या बायकोला नाही म्हणायची हिंमत अख्ख्या बोरीवली पूर्वेत फक्त तुझ्यात होती, आणि तीही तू कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

हे वाचणाऱ्यांनी तुझा हॉल पाहिलेला नाही, म्हणून आधी त्यांना सांगतो. तू जरा दम धर.

दोन टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे स्पीकर. अक्रोडाच्या रंगाचे, माझ्या खांद्याला लागतील एवढे. तू ते आणलेस त्या दिवशी लिफ्टने हात टेकले. मग जिन्याने चढवले, आणि मी तुझ्या थेट खालच्या मजल्यावर राहतो म्हणून हमालांनी विसावा घ्यायला ते माझ्या दारात टेकवले. तेवढ्यात माझ्या पॅसेजची फरशी एक इंच खाली गेली ती अजून वर आलेली नाही. संध्याकाळी तू बेस लावून बघितलास, तर माझ्याकडे विरजण लावलेलं दूध दही न होता सरळ ताक झालं. मागच्या नॅशनल पार्कातला एक बिबट्या त्याच आठवड्यात बिऱ्हाड घेऊन ठाण्याच्या बाजूला गेला. तू म्हणायचास, पक्याच्या रुपयातले चार आणे धरायचे आणि बारा आणे सोडून द्यायचे. आता कापणारा कोणी नाही, त्यामुळे माझा रुपया सगळीकडे पुरा चालतोय. त्यात मजा नाही यार. समोर कोणी कापत नसेल तर वाढवून तरी कोणासाठी सांगायचं?

तर असे दोन टॉवर, आणि मधे काही नाही. टीव्हीच्या खाली एक आडवा स्पीकर असतो, त्याला सेंटर म्हणतात. गाणी, वारा, गाड्या, मारामाऱ्या हे दोन्ही बाजूचे बघतात, पण माणसं बोलतात ती बहुतेक सेंटरमधून. तुझ्याकडे भल्याभल्यांनी येऊन हात लावून पाहावेत असे दोन होते, आणि तिसऱ्याच्या जागी वहिनींनी बाटलीत मनी प्लांट लावला होता.

कारण तुला सेंटर हवा होता तो सख्खा. म्हणजे ह्या दोघांच्याच कंपनीचा, ह्यांच्याबरोबर जन्मलेला. आणि तो बनवणं कंपनीने बंद केलं होतं. मी म्हणायचो, अरे, दुसरा कुठलाही घे, बोलणं कळलं म्हणजे झालं. तू म्हणायचास, सावत्र आणला तर डावीकडून बोलत निघालेला माणूस मधे आला की त्याचा आवाज बदलेल आणि उजवीकडे पोचला की पुन्हा पहिल्यासारखा होईल, हे काय ऐकणं झालं? बरं, सख्खा मिळेपर्यंत काय? तर म्हणे, गरजच नाही. दोन स्पीकर नीट मापात लावले की बोलणं आपोआप मधोमध येऊन उभं राहतं. टीव्हीकडे बोट करून दाखवायचास, "ते बघ, तिच्या ओठातून येतंय." मला ते स्वच्छ खिडकीकडच्या टॉवरमधून येताना ऐकू यायचं. मी तसं म्हटलं की तू मालवणीत शिरायचास. "तुका काय कळता?" आणि तू मालवणीत शिरलास की वाद संपला असं समजायचं, हा तुमच्या घरचा कायदा.

सबटायटल लाव म्हटलं तर तुझं उत्तर ठरलेलं, वाचायचंच असेल तर पेपर आहे.

आपल्या जागा आठवतात ना? रविवारी सकाळी सिनेमा, मग जेवण. मधल्या खुर्चीत तू. खिडकीकडे मी. स्वयंपाकघराच्या दाराशी वहिनी, कारण कुकरकडे त्यांचा एक कान असायचा. एवढ्या वर्षांत कोणी जागा बदलली नाही. मी एकदाच तुझ्या खुर्चीवर टेकलो होतो. तू पाणी पिऊन आलास आणि समोर उभा राहिलास, देवळात पुढचा माणूस हलायची वाट बघतात तसा. मी हललो.

आणि सेंटर शोधायची तुझी ती पद्धत. सख्खा मिळत नाही म्हणताना तू कधी कधी नरमायचास आणि मला घेऊन अंधेरी, मालाडच्या शोरूमा पालथ्या घालायचास. तिथे लोक सिनेमातलं विमान लावून बघतात. तू म्हणायचास, विमानाचा खरा आवाज कोणाला माहीत आहे? ओळखीचा आवाज पाहिजे. आणि जगात तू सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज माझा, म्हणून तू माझीच एक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली होतीस, ती पार्कातल्या बिबट्याची. शोरूममध्ये आधी सेंटरमधून ती वाजवायची, मग मी सेंटरच्या शेजारी उभं राहून तीच गोष्ट तोंडाने सांगायची, आणि तू डोळे मिटून दोन्ही ताडून बघायचास. घोटाळा इतकाच, की मला एक गोष्ट दोनदा सारखी सांगता येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये बिबट्या एक होता. अंधेरीत दोन झाले. मालाडला त्यातल्या एकाने माझ्या पिशवीतली कोथिंबीर खाल्ली. तो एसीतला टाय लावलेला माणूस बिचारा आधी हसायचा, मग घड्याळाकडे बघायचा, आणि तू डोळे न उघडता म्हणायचास, "सेंटर नाकात बोलतो आणि हा थापा मारतो. चल." बाहेर पडून आपण ज्यूस प्यायचो, आणि पुन्हा काही महिने मनी प्लांट वाढायचा.

तर शनिवारी मी तुझ्याकडे गेलो. वहिनी दार उघडून पुन्हा मेथी निवडायला बसल्या. मी सगळं चालू केलं, एक सिनेमा लावला आणि खिडकीकडच्या माझ्या खुर्चीत बसलो. म्हटलं, वहिनी, सोन्यासारखी वस्तू आहे, का देताय? ओंकार म्हणतोय म्हणून?

त्या म्हणाल्या, ओंकारचं काही नाही, त्याला वाटतं माझी अडगळ कमी होईल. मग काडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "भावजी, मला ह्यातलं काही कळायचंच नाही. माझ्या जागेवर तो शेजारचा टॉवर नुसता घुमायचा. गाणं, पाऊस, बोलणं सगळं एका पातेल्यात. मी चित्र बघायची. गोष्ट मला जेवताना कळायची, हे सांगायचे तेव्हा."

मी म्हटलं, तुम्ही तर मान हलवायचात.

"त्यांच्याकडे बघून हलवायची. ते हसले की हसायची. मला सिनेमापेक्षा ते सांगणंच जास्त आवडायचं. आता सांगणारा माणूस नाही, मग ही दोन कपाटं ठेवून काय करू?"

शिऱ्या, ताटात सुरमई आणि तोंडात सिनेमा, असा तू मला अजून दिसतोस. माझी बायको मासे शिजवत नाही, म्हणून दर रविवारी मी तुमच्याच पानाला. तू काटा काढता काढता पहिल्यापासून सुरुवात करायचास, मग ती असं म्हणाली, मग तो तिला असं म्हणाला. मला वाटायचं, आत्ताच तिघांनी मिळून बघितलेला सिनेमा हा परत का सांगतोय? हौस आहे, सांगू दे. मीसुद्धा कान देऊन ऐकायचो, कारण खरं सांगायचं तर माझ्याही बाजूला निम्मं बोलणं हरवायचं. मला वाटायचं माझेच कान गेले. तुझ्यापुढे ते कबूल करण्यापेक्षा मला पुरता बहिरा होणं परवडलं असतं.

त्या वेळी मी काय केलं माहीत आहे? उजवा टॉवर नीट वाजतोय का हे मधून कळेल म्हणून उठलो आणि तुझ्या खुर्चीत बसलो.

आणि बाई बोलली. टीव्हीतून. तिच्या ओठातून. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मनी प्लांटच्या जरा वर, जिथे काहीच नव्हतं तिथून. इतकं स्वच्छ की बोलण्याआधीचा तिचा श्वासही ऐकू आला. मी उठून खिडकीकडे गेलो, आवाज माझ्याबरोबर खिडकीकडच्या टॉवरमध्ये गेला. परत मधे आलो, परत तिच्या ओठात. चार वेळा केलं. वहिनी मेथी टाकून बघत राहिल्या.

तू बरोबर होतास रे. आणि मीही. एवढी वर्षं आपण एकमेकांना खोटं ठरवलं, आणि वाद होता खुर्चीचा. तू तुझ्या जागेवरचं सांगत होतास, मी माझ्या. एकदा उठून अदलाबदल केली असती तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण तू उठत नव्हतास आणि मी मागत नव्हतो.

मी वहिनींना मधे बसायला सांगितलं. त्यांनी आधी ओल्या हातांची सबब काढली. मग पदराला हात पुसले आणि बसल्या, अगदी कडेला, पाहुण्यासारख्या. म्हणाल्या, "इथे तर सगळं येतंय."

आणि थोड्या वेळाने, "ह्यांनी एकदा म्हणायचं होतं ना मला, इथे बस म्हणून."

रागाने म्हणाल्या का? थोडंसं रागानेच. मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, त्याला वाटायचं तुम्हालाही असंच ऐकू येतंय. त्या म्हणाल्या, हो, आणि मीच त्यांना तसं वाटू दिलं. एवढं बोलून उठल्या आणि मेथी घेऊन आत गेल्या. त्या दुपारी आम्ही दोघांनी तुला शिव्याही दिल्या आणि तुझ्या वाटणीच्याही भाकऱ्या खाल्ल्या.

मी म्हटलं, आता प्रश्नच मिटला, ह्यापुढे तुम्ही मधे बसत जा. तर वहिनी म्हणाल्या, मग तुम्हाला कडेला काही कळणार नाही आणि जेवताना मी तुम्हाला गोष्ट सांगत बसू? त्यांनी अट घातली. अंधेरीच्या गृहस्थांना त्यांनी उद्याऐवजी पुढच्या रविवारी चारला बोलावलं. तोवर मला हवा तो सेंटर मी आणायचा. वहिनींना दाराशी, त्यांच्या जागेवर बसून सगळं बोलणं कळलं, तर स्पीकर राहतील आणि रविवारही राहतील. नाही कळलं, तर टॉवर अंधेरीला.

आता ऐक, आणि चिडू नकोस. तुझा सख्खा मिळाला. शोरूमच्या त्या टायवाल्याला मी फोन केला, त्याने एकाला, त्या एकाने दुसऱ्याला, आणि मुलुंडच्या एका गृहस्थांकडे तो कपाटावर पडलेला निघाला, वर जुन्या चादरी. बोरीवलीहून मुलुंड म्हणजे मधे फक्त पार्क. पक्षी असतो तर चहा गार व्हायच्या आत आलो असतो. माणूस असल्यामुळे अख्खा डोंगर घोडबंदरने वळसा घालून गेलो आणि तुझा सख्खा मांडीवर घेऊन आलो, बारशाला नेतात तसा. तो आधी मिळाला असता तर तू पेढे वाटले असतेस. गाडीत मला फार राग येत होता. कोणाचा ते नाही सांगता येत.

आणि टायवाल्याने आणखी एक सेंटर बघायला म्हणून दिला. दुसऱ्या कंपनीचा. काळा, बुटका, दिसायला थेट जिन्यातला मीटरचा डबा.

मनी प्लांट खिडकीत गेला. आधी सख्खा लावला. मधल्या खुर्चीत बसलो तर काय सांगू, तिन्ही भाऊ एका आवाजात. गाडी डावीकडून उजवीकडे गेली तर कुठे शिवण दिसली नाही. तुझं म्हणणं पुरतं पटलं. पण वहिनी दाराशी बसल्या आणि त्यांनी मान हलवली, ह्या वेळी आडवी. तुझ्या सख्ख्याला दोन टोकांना दोन मोठी तोंडं. समोर बसलं तर दोघं एका सुरात. कडेला बसलं की लग्नातल्या दोन विहिणींसारखी एकमेकींच्या बोलण्यात बोलतात आणि अर्धे शब्द मधल्या मधे पडतात. मी तो तिरपा केला, वर उचलला, मागे सरकवला. शब्द पडतच राहिले.

मग मीटरचा डबा लावला. तुझी पद्धत वापरली, दुसरी मला येत नाही. बिबट्याचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर होतं. ते लावलं आणि शेजारी उभं राहून गोष्ट सांगितली. वहिनी दाराशी डोळे मिटून बसल्या होत्या. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "आवाज तुमचाच. फक्त डब्यातून ऐकलं की खरं बोलताय असं वाटतं."

डबा ठेवला. गाडी डावीकडून मधे येते तेव्हा इंजिनाचा आवाज बदलतो, हे मला आता ऐकू येतं आणि तुझ्यामुळे ते खुपतं. सख्खा मुलुंडला परत गेला. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकलो, शिऱ्या. चहा करून घेतला आणि एकटाच प्यायलो.

रविवारी सकाळी सिनेमा लावला. कुठला लावू विचारल्यावर वहिनींनी तो गावातल्या म्हाताऱ्याचा निवडला. नाव घेत नाही, कोणाला बघायचा असेल. तू आम्हाला तो ओंकार तिकडे राहायला गेला त्या वर्षी दाखवला होतास, जेव्हा वहिनी भाजी निवडता निवडता मधेच थांबायच्या. म्हाताऱ्याचा मुलगा परदेशी असतो. वहिनी म्हणाल्या, मला हा आवडतो, शेवट चांगला आहे.

वहिनी त्यांच्या जागेवर, मी माझ्या, मधली खुर्ची तशीच. आणि त्यांना कळत होतं रे. एका ठिकाणी त्या माझ्या आधी हसल्या. कुकर झाला तर उठून गेल्या आणि धावत परत आल्या, काय म्हणाला, काय म्हणाला करत. मी मनात म्हटलं, अंधेरीवाल्याला आता चारला नुसता चहा मिळणार.

मग शेवट आला. फोन वाजतो. म्हातारा ऐकतो, हसतो, बरं म्हणतो, फोन ठेवतो. मग झाडू घेऊन मुलाची खोली झाडायला लागतो, गादी उन्हात टाकतो, आणि सिनेमा संपतो. तू जेवताना सांगितलं होतंस, मला तुझा घास घेतलेला हातही आठवतो. मुलगा म्हणतो, बाबा, मी कायमचा परत येतोय. म्हणून खोली झाडतो.

ह्या वेळी मुलगा डब्यातून बोलला, स्वच्छ. बाबा, आता माझं येणं होणार नाही. खोली रिकामी कशाला ठेवता, भाड्याने देऊन टाका.

नावं सरकत राहिली. वहिनी पडद्याकडे बघत होत्या. मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, नाही. मीही तुझंच धरून चाललो होतो. माझ्या रुपयातले बारा आणे कापणारा माणूस ताटावर बसून अख्खा रुपया खोटा चालवत होता, आणि आम्ही दोघं आमटीबरोबर तो गिळत होतो. माझ्या थापांना निदान बिबट्या तरी लागतो. तू नुसता एक फोन फिरवलास.

मला भीती वाटली, शिऱ्या. म्हटलं, मीच आणला हा डबा. नसता आणला तर तो मुलगा त्यांच्यापुरता परत आला होता, गादीवर झोपलाही असता. आता ह्या उठतील आणि म्हणतील, घेऊन जाऊ दे सगळं.

त्या उठल्या. पदराने डोळे टिपले की चष्मा पुसला ते मला दाराकडचा उजेड मागे असल्यामुळे दिसलं नाही. अंधेरीच्या गृहस्थांना फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. ते बहुधा कारण विचारत असावेत, कारण वहिनी म्हणाल्या, "आम्हाला बरेच सिनेमे परत बघायचेत. पहिल्यापासून." फोन ठेवून मला म्हणाल्या, "बघू तरी, ह्या माणसाने मला अजून कुठे कुठे काय काय सांगितलंय."

मग ताटं घेतली. जेवताना कोणी गोष्ट सांगितली नाही, गरजही नव्हती. पान वाढता वाढता त्यांनी पुढच्या रविवारी कुठला लावायचा ते सांगितलं. तो आपण तिघांनी बघितलेला आहे. पण मी खिडकीकडे होतो, शिऱ्या, आणि गोष्ट मलाही तुझ्याच तोंडून कळलेली. म्हणजे त्याचा शेवट मला माहीत नाही.